मुलाच्या कानाच्या सीटी स्कॅनमध्ये "दीड वेढा" आणि "नळी रुंद" आलंय. पायरीवरून पडल्यामुळे झालं का हे?

कराडची_लेक

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच कानांची ओएई तपासणी झाली होती, दोन्ही कान पास. तो कागद फाइलमध्ये अजून आहे. दीड वर्षाचा असताना आई, बाबा, दूदू, काऊ, माऊ एवढं बोलायचा. नंतर त्यात फारशी भर पडली नाही. चाललाही उशिरा, सतरा महिन्यांनी, आणि अजून धावताना धडपडतो. सासूबाई म्हणायच्या, याचा बाप पण असाच होता.

पाडव्याला गावी गेलो होतो. जुना वाडा, दगडी पायऱ्या. संध्याकाळी मी गुढी उतरवायला वर गेले, हा मागून आला आणि तिसऱ्या पायरीवरून खाली. कपाळाला टेंगूळ आलं. रक्त नाही, उलटी नाही, बेशुद्ध नाही. अर्ध्या तासात श्रीखंड मागत होता. दोन दिवसांनी पुण्याला परतताना गाडीत लक्षात आलं की हाक मारली तरी मान वळवत नाहीये. मी मुद्दाम मागच्या सीटवरून बिस्किटाचा पुडा वाजवला. काही नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठलं असेल म्हणून पंधरा दिवसांचं औषध दिलं. फरक पडला नाही. दुसरीकडे झोपेचं सिरप देऊन बेरा टेस्ट केली, म्हणजे किती मोठ्या आवाजापासून ऐकू येतं ते मोजलं. उजवा ८५, डावा ६५ डेसिबल. मग सीटी स्कॅन. रिपोर्टमधलं मला जेवढं कळलं ते असं: आतल्या कानातली दोन्ही बाजूंची व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट नावाची नळी रुंद आहे, मध्यावर २.६ आणि २.३ मिमी. कॉक्लियाला, म्हणजे ऐकण्याच्या शंखासारख्या भागाला, अडीच वेढे हवेत, तिथे दीडच आहे आणि वरच्या भागात पडदे नसून एकच पोकळी आहे. शेवटी "इन्कम्प्लीट पार्टिशन टाइप टू".

तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण परवा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "गुढी काय, मी उतरवली असती." आणि चुलत सासूबाईंनी फोनवर विचारलं की पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का.

तो त्या दिवशी पडलाच नसता तर? आता जेवढं ऐकू येतंय तेही जाणार का? कानाला ऐकायचं मशीन लावायचं की थेट इम्प्लांट, ऑपरेशन करून कॉक्लियात तार बसवतात ते? बालवाडीतली घसरगुंडी बंद करू का? आणि एक, जे डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. माझं लग्न माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालंय. दुसऱ्या बाळाचा विचार करायचा की नाही?

आप्पा_सातारकर

ताई, घाबरू नका. आमचा नातू चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आता गप्प बस म्हणावं लागतं. लसूण घालून कडवलेलं तिळाचं तेल कोमट करून रात्री दोन-दोन थेंब सोडा. सीटीच्या रिपोर्टमध्ये इंग्रजीत काहीही लिहितात.

मागवाली_आई

अगं ताई, मी तू म्हणतेय, राग मानू नकोस, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची असेल. तुझी पोस्ट रात्री अकराला वाचली आणि झोप उडाली. आमच्या लेकीचा रिपोर्ट जवळपास शब्द न् शब्द असाच आहे. ती यंदा दहावीला आहे.

आप्पा, तुम्ही मायेनंच सांगताय, पण ते तेल नको. तेल पडद्यापर्यंत जातं आणि थांबतं. या पोराचा प्रश्न पडद्याच्या, हाडांच्या साखळीच्याही पलीकडे आहे, कवटीतल्या सगळ्यात टणक हाडाच्या आत. तिथं पोचणारं तेल अजून घाण्यातून निघालेलं नाही.

आता तुझी पायरी. कान तसा घडला तो पडल्यामुळे नाही. कॉक्लियाचे वेढे पडतात ते गर्भ दोन महिन्यांच्या आसपास असताना. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतं कुठं कळलेलं असतं. पायरीवर पडून हाडातल्या अडीच वेढ्यांचा दीड होत नाही. पण पडल्यानं काहीच झालं नाही असं मी सांगणार नाही. मला तसं एकांनी गोड बोलून सांगितलं होतं आणि पुढं जास्त त्रास झाला. अशा कानांना साध्या धक्क्याचं निमित्त पुरतं आणि ऐकू येणं एकदम खाली उतरतं. पाडव्याला पायरीनं झालं, नाहीतर बालवाडीत दुसऱ्या पोराचं डोकं लागून झालं असतं, तापात झालं असतं. कधी काहीच न होता सकाळी उठल्यावर झालेलं असतं. आमच्याकडं तीनदा झालं. एकदा सायकलच्या कॅरियरवरून पडून, एकदा तापात, आणि तिसऱ्यांदा कशानं ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. किती दिवस शोधत बसले होते. वही काढून तिनं काय खाल्लं ते लिहून काढलं होतं!

ग्रहणाचं म्हणशील तर माझी लेक नोव्हेंबर २००९ ची. त्या वर्षी २२ जुलैला सकाळी सूर्यग्रहण होतं, सुरतेला खग्रास दिसलं, आठवत असेल कुणाला. मी पाचव्या महिन्यात. सासूबाईंनी मला खिडकी लावून खोलीत बसवलं होतं, विळीला हात नाही, पाण्याला तोंड नाही. सगळं पाळलं. आणि कान तर त्याच्या तीन महिने आधीच जसा व्हायचा तसा होऊन बसला होता. तुझ्या चुलत सासूबाईंचा फोन परत आला तर खुशाल माझं उदाहरण सांग.

आमच्या घरी खाली माग, वर आम्ही. आठ यंत्रमाग दोन पाळ्यांत चालायचे. इचलकरंजीत पोरं त्या खडखडाटातच झोपतात, त्यामुळे ही भांडं पडलं तरी झोपून राहते याचं कुणालाच काही वाटलं नाही. उलट माग सुरू झाला की ती चटकन खाली बघायची. सासूबाई म्हणायच्या, "बघ, ऐकते की!" ती ऐकत नव्हती. फरशीतून तळपायाला थरथर लागत होती. शिवाय या प्रकारात बऱ्याचदा जाडे, घुमणारे आवाज थोडेफार उरलेले असतात आणि बारीक आवाज आधी जातात. माझ्या नवऱ्याच्या हाकेला वळायची, माझ्या हाकेला नाही. मला वाटायचं, बापाची लाडकी म्हणून.

अडीच वर्षांची असताना एका कानाच्या डॉक्टरांनी पडद्यामागं पाणी आहे म्हणून पडद्याला छेद देऊन ग्रोमेट, म्हणजे पाणी निघायच्या बारीक नळ्या, बसवले, दोन्हीकडं. ऑपरेशननंतर म्हणाले, आत कोरडंच होतं. तरी सहा महिने आम्ही "आता सुधारेल" म्हणून वाट बघत बसलो. कुणी सीटी करा म्हटलं नाही. त्या सहा महिन्यांचा मला अजून राग येतो. गेलेल्या ऐकण्याचा येत नाही तेवढा.

सीटी झाला ती साडेतीन वर्षांची असताना. त्याच महिन्यात दोन्ही कानांना मशीन. तेव्हा तिला उजवीकडं ७०, डावीकडं ८० च्या आसपास होतं. मशीन लावल्यावर चार-सहा महिन्यांत वाक्यं यायला लागली. म्हणून तुला सांगते, इम्प्लांट लागेल का, कधी लागेल याचा विचार चालू दे, पण त्यासाठी मशीन अडवून ठेवू नकोस. उद्या लाव. आज डाव्या कानात जे ६५ आहे ना, ती रोख रक्कम समज. आहे तोवर भाषा घालून घे. नंतर उतरलं तरी डोक्यात गेलेली भाषा उतरत नाही. आमच्या लेकीला इम्प्लांट झालं साडेसहाला, २०१६ मध्ये, डाव्या कानात, आणि ती चार महिन्यांत फोनवर मामाशी बोलायला लागली. कारण मराठी आधीच आत होतं.

ऑपरेशनचं दोन वाक्यांत. आतल्या पोकळीला भोक पाडलं की अशा कानातून पाणी उसळून येतं, ते येणार हे आमच्या सर्जननी आधीच सांगितलं होतं. आलं, त्यांनी स्नायूचा तुकडा लावून बुजवलं, आणि दोन तासांचं काम साडेतीन तासांवर गेलं. आम्ही बाहेर बाकावर. त्या वेळी खर्चासाठी दोन माग विकले. तीन आठवड्यांनी मशीन चालू केलं तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तू कोंबडीसारखी बोलतेस." महिनाभर मी कोंबडी होते. मग माणूस झाले. उजव्या कानाला अजून साधं मशीनच आहे.

घसरगुंडी बंद करू नकोस ग. मी केलं होतं. दोन वर्षं पोरगी मैदानाच्या कडेला माझा हात धरून उभी. त्यानं ऐकणं वाचलं का, तर तापात गेलंच. आमच्या डॉक्टरांनी पुढं नीट सांगितलं: डोक्यावर आदळायची शक्यता जिथं जास्त ते टाळा, बाकी पोराला पोर राहू द्या. म्हणजे कबड्डी नाही, कराटे नाही, फुटबॉलला डोकं लावायचं नाही, सायकलला हेल्मेट, पोहायचं पण विहिरीत सूर मारायचा नाही, खोल बुडी नाही. जत्रेतल्या पाळण्याला ती स्वतःच नको म्हणते, गरगरतं आणि उलट्या होतात. लहानपणी अशा चक्करा आल्या की आम्ही पित्त समजून आवळा द्यायचो. तोलाचा भागही त्याच हाडात असतो. तुझा उशिरा चालला, धडपडतो म्हणतेस, ते बापावर गेलेलं नसावं.

आता खरं कामाचं. रोज सकाळी मशीन लावलं की सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. पाठीमागून, ओठ दिसू न देता, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात. तोंडापुढं हात धरू नकोस, आवाज दबतो. ऐकलं की डब्यात एक मणी टाकायचा. क्रम रोज बदल आणि मधली थांबण्याची वेळही बदल, नाहीतर पोरं तालावर मणी टाकतात, माझ्या लेकीनं मला आठवडाभर फसवलंय. वहीत बरोबर-चूक लिही. काल सहा आणि आज तीन आले तर आधी बॅटरी बघ, मग मोल्डमध्ये, कानात बसतो त्या साच्यात, मळ बघ, आणि दोन्ही ठीक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. थांबायचं नाही. आम्हाला असं उतरल्यावर दोनदा स्टेरॉइडचा कोर्स दिला होता. एकदा बरंचसं परत आलं. एकदा काही आलं नाही.

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ

मागवाली_आई यांनी बहुतेक सांगितलंच आहे. माझी चौतीस वर्षं ऑडिओमीटरसमोर गेली, तेव्हा थोडी तांत्रिक भर घालतो.

या रचनेला मोंदिनी म्हणतात. कार्लो मोंदिनी यांनी १७९१ मध्ये बोलोन्याला एका आठ वर्षांच्या बहिऱ्या मुलाच्या कानाचं विच्छेदन मांडलं. पायावरून गाडी गेल्यानं जखम सडून तो मुलगा दगावला होता. कॉक्लियाचे दीड वेढे आणि ही रुंद नळी, दोन्ही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. जिवंत माणसात ते दिसायला मात्र स्कॅनचा जमाना यावा लागला. रुंद नळी आणि बहिरेपण यांची सांगड व्हाल्व्हासोरी आणि क्लेमिस यांनी १९७८ मध्ये घातली. त्यांचं माप होतं मध्यावर दीड मिलिमीटर. तुमच्या मुलाची दोन्हीकडे त्याहून बरीच मोठी आहे, म्हणजे "किरकोळ आहे" असं कुणी म्हटलं तर मानू नका.

ओएई पास होती म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांना किंवा स्वतःला दोष देऊ नका. ती चाचणी त्या दिवशी कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी काम करतात की नाही एवढंच सांगते. या प्रकारात अनेक मुलं जन्मतः बऱ्यापैकी ऐकतात आणि नंतर उतरतं. आणि जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्याच कानात हाडाचा दोष स्कॅनवर दिसतो, बाकीच्यांचे स्कॅन नॉर्मल असतात. त्यामुळे तुमच्याकडे निदान कारण सापडलंय.

पडद्यामागच्या पाण्याचा घोळ का होतो तेही सांगतो, कारण मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला तो केला आहे. आंतरकर्णाला दोन खिडक्या असतात. नळी रुंद असली की ती तिसऱ्या खिडकीसारखी वागते आणि जाड्या आवाजाची ऊर्जा तिकडे निसटते. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, हवेतून आणि हाडातून ऐकण्यात फरक दिसतो, अगदी मधल्या कानात पाणी असल्यासारखा. पण टिंपॅनोग्राम, म्हणजे पडदा नीट हलतो का ती चाचणी, काढला तर तो नॉर्मल, ए टाइप. हा फरक आणि हा टिंपॅनोग्राम एकत्र दिसले की ग्रोमेट बाजूला ठेवून आत बघायला हवं.

ती नळी किंवा तिच्या टोकाची पिशवी ऑपरेशन करून बंद करू असं कुणी सुचवलं तर नकार द्या. ते पूर्वी करून पाहिलं गेलंय, उपयोग झाला नाही, काहींचं उरलेलंही गेलं.

एमआरआय करून घ्या. सीटी हाड दाखवतो, श्रवणाची नस एमआरआयमध्ये दिसते. आणि तो इम्प्लांटच्या आधी करा, नंतर आत चुंबक असल्यानं एमआरआय कटकटीचा होतो.

लस. इम्प्लांट झालेल्या आणि आंतरकर्णाची रचना बिघडलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हा ज्वर आणणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली, ती तुमच्या मुलाच्या कार्डावर असेल. दोन वर्षांनंतर २३ प्रकारांची दुसरी न्यूमोकोकल लस वेगळी द्यावी लागते, पीसीव्हीनंतर किमान आठ आठवड्यांनी आणि ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी. बालरोगतज्ज्ञांना आठवण तुम्हीच करा. अशा मुलाच्या एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ स्राव येत राहिला तर ती सर्दी समजू नका, दाखवा.

तुमचा शेवटचा प्रश्न. तो विचारलात हे बरं केलंत. दोन्ही बाजूंना रुंद नळी आणि मोंदिनी एकत्र असताना पुष्कळ वेळा एसएलसी२६ए४ नावाच्या जनुकात दोष सापडतो. त्यातून पेंड्रिन नावाचं प्रथिन बनतं, ते कानातल्या पाण्यातले क्षार सांभाळतं आणि थायरॉइडमध्ये आयोडीनच्या वाहतुकीतही लागतं. म्हणून काही मुलांना पुढे, बहुधा दहा-बारा वर्षांनंतर, गळ्याला गाठ येते. इंग्लंडमधल्या पेंड्रेड नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये बहिरेपण आणि गलगंड असलेल्या दोन बहिणींवर लिहिलं, त्यावरून पेंड्रेड सिंड्रोम. जनुक सापडलं १९९७ मध्ये. तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी आता करा आणि दरवर्षी गळा बघून घ्या.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक आला तरच मूल बहिरं होतं. आईवडील स्वतः व्यवस्थित ऐकतात. मामे-आते भावंडांचं लग्न असलं की एकाच आजी-आजोबांकडून तोच दोष दोघांत उतरण्याची शक्यता वाढते, एवढंच. त्यात पाप नाही आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या अशी लग्नं झाली आहेत. दोष तोच निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मुलाची रक्तावरची जनुक तपासणी आधी, मग तुमची दोघांची. तो कागद हातात येईपर्यंत दुसऱ्या बाळाबद्दल हो किंवा नाही, काहीच ठरवू नका.

पैशाचं: केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं, ते काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बघते. उत्पन्नाची अट आहे आणि जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. तुमच्याकडे पावणेदोन वर्षं आहेत, पण यादी आणि कागदपत्रांत ती भुर्रकन जातात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज आजच भरा.

नांदेडचा_बाप

एमआरआयवर मी अधोरेखित करायला आलो. माझ्या मुलीला दोन्ही बाजूंना आंतरकर्णच नाही. मिशेल म्हणतात त्याला. कॉक्लिया नाही, नस नाही. इम्प्लांटची तार ठेवायला जागाच नाही. तिला दोन वर्षं महागातली मशीन लावून रोज चार तास थेरपीला बसवलं होतं आम्ही, कारण स्कॅन करायचं कुणी सुचवलं नाही आणि आम्हाला माहीत नव्हतं. ती रडायची आणि आम्ही "मेहनत कमी पडते" म्हणायचो.

थेट मेंदूच्या खोडावर बसवायचं इम्प्लांट असतं, चेन्नईत होतं, तिथपर्यंत जाऊन आलो. डॉक्टर प्रामाणिक होते, आवाजाची जाणीव येईल पण स्पष्ट बोलणं समजेलच असं सांगता येत नाही म्हणाले. आम्ही नाही केलं. दुसऱ्या कुणी केलं तर मी चूक म्हणणार नाही.

आम्ही भारतीय सांकेतिक भाषा शिकलो. आधी मी, मग बायको, सगळ्यात उशिरा माझी आई, आणि आता सगळ्यात जास्त तीच बोलते हातांनी. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संस्थेचे शब्दकोशाचे व्हिडिओ फुकट आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे, भांडते, खोटं बोलते, चुगल्या करते. सगळं हातांनी.

तुमच्या मुलाचं चित्र वेगळं आहे ताई, त्याला ऐकू येतंय. तरी पाच-पन्नास खुणा शिकून ठेवा. रात्री मशीन काढल्यावर, अंघोळीला, पोहायला, आणि ज्या दिवशी ऐकणं अचानक उतरेल त्या दिवशी घरात काहीतरी बोलायला हवं ना. आमच्या इथल्या बाईंनी असं करू नका, बोलणं येणार नाही, असं बजावलं होतं. माझं मत उलट आहे. भांडायला तयार आहे.

मागवाली_आई

भांडत नाही दादा. बरोबर आहे तुमचं. ज्या तापात तिचं डावं पूर्ण गेलं त्या पाच दिवसांत आमच्याकडं एक खूण नव्हती. पाणी हवंय का हे विचारायला मी पेला दाखवत होते.

कराडची_लेक

साडेतीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं घरी. आप्पा, तुमच्यावर राग नाही, सासूबाईंनी तुमची बाजू घेतली होती.

एमआरआय झाला. दोन्ही नसा आहेत. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या, काळ्या ठिपक्यासारख्या, मला काही दिसलं नाही पण मी हो म्हटलं. टीएसएच नॉर्मल. जनुकाचं रक्त दिलंय. एडिपचे कागद जमवतेय, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अडकलाय.

मशीन लागून बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी फेकलं, दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकून माझ्या मांडीवर आला. तो दचकला आणि मी रडले. सहा आवाज रोज करते. मण्यांऐवजी शेंगदाणे घेतो, डब्यात टाकायचे सोडून खातो. म, ऊ, आ, ई चारही येतात. श येतो डावीकडून. स अजिबात नाही, दोन्हीकडून.

आणि काल सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "आज त्याचा श चुकला, बॅटरी बघितलीस का?" बॅटरीच होती.

स चं काय करू? आणि मशीन शिट्टी मारतं मधूनमधून.

मागवाली_आई

शेंगदाणे बंद कर, वाटाणे कच्चे घे, ते खात नाहीत. पण डोळा ठेव, नाकात घालतात.

शिट्टी म्हणजे मोल्ड सैल. या वयात कान भराभर वाढतो, तीन-चार महिन्यांत नवा मोल्ड लागतो, ते धरून चाल. तोवर आवाज कमी करून ठेवू नकोस, तसाच ठेव आणि मोल्ड लवकर टाकायला सांग. स सगळ्यात बारीक आवाज आहे. आमच्या लेकीला मशीननं तो कधीच नीट मिळाला नाही. "बस" ला "ब" म्हणायची, इम्प्लांटनंतर आला. पण बारा दिवस म्हणजे काहीच नाही. पुढच्या वेळी जाशील तेव्हा तुझी वही ने आणि ऑडिओलॉजिस्टना दाखव की श डावीकडून येतो, स येत नाही. तेवढ्यावरून त्यांना मशीनमध्ये कुठं वाढवायचं ते कळतं. तोंडी सांगितलं तर "अजून सवय नाही" म्हणतात.

पावसाळा तोंडावर आलाय. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेव, बॅटरीचं दार उघडून. लोक तांदळात ठेवा म्हणतात, नको, भुकटी आत जाते. आणि नव्या बॅटरीचा केशरी स्टिकर काढलास की लगेच आत घालू नकोस, एक मिनिट हवेवर ठेव, जास्त टिकते.

उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याकडं सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते.